रिकामं स्टेशन

१

दातांच्या लॅबमध्ये मी उमेदीची सगळी वर्षं कवळ्या घासण्यात घालवली. हात थरथरायला लागले तेव्हा मालकाने मला घरी बसवलं नाही, गाडीवर बसवलं. "नाना, तुम्ही आता बाहेरचं बघा," एवढंच म्हणाला. बाहेरचं म्हणजे वेगवेगळ्या दवाखान्यांतून दातांची मापं गोळा करायची आणि तयार कवळ्या, कॅप पोहोचत्या करायच्या. गाडी माझी, पेट्रोल लॅबचं. मागच्या सीटवर प्लॅस्टिकचे ट्रे, ट्रेमध्ये प्लॅस्टरचे जबडे. गावातल्या कितीतरी लोकांना मी चेहऱ्याने ओळखत नाही, पण दातांनी ओळखतो.

काम एकट्याचं होतं, पण ते मला कधी बोचलं नाही, कारण संध्याकाळी घरी बोलणारं माणूस होतं. बायको बोलायची, मी ऐकायचो, तेही निम्मंच. मुलीचा फोन आला तरी माझं ठरलेलं असायचं. "कशी आहेस? बरं आहे ना? थांब, आईला देतो." तिचं लग्न झाल्यापासून फोनवरचा माझा वाटा एवढाच.

मग बायको गेली. त्यानंतर पहिल्यांदा मुलीचा फोन आला तेव्हा मी सवयीने "थांब, आईला देतो" म्हणालो, फोन कानापासून दूर धरला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत तसाच उभा राहिलो. पलीकडे तीही थांबली होती.

पुढे आमच्या बोलण्याला एक वळण पडून गेलं. ती विचारायची, "बाबा, जेवलात का?" मी म्हणायचो, "जेवलो. तू?" ती म्हणायची, "हो." मग दोघंही एकमेकांच्या घरातल्या पंख्याचा आवाज ऐकत बसायचो. मुलीचं घरातलं नाव बिट्टी. ते तिच्या आईने ठेवलेलं. आईला ती 'तू' म्हणायची आणि मला 'तुम्ही'. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. आमच्याकडे असंच असतं.

गाडीतल्या गाण्यांची कल्पना तिचीच. म्हणाली, दिवसभर एकटे फिरता, निदान गाणी तरी ऐका. माझी गाडी जुनी. तिच्यात नुसता रेडिओ होता आणि त्यावरच्या बडबडीने माझं डोकं उठायचं. नवी सिस्टिम बसवायची तर अख्खा डॅशबोर्ड उचकटावा लागला असता. बिट्टीने सांगितलं की लायटरच्या भोकात खोचायचं एक स्वस्तातलं यंत्र मिळतं. ते फोनमधली गाणी घेतं आणि गाडीतल्या रेडिओला ऐकवतं. वायर नाही, काही नाही. शिवाय त्याला माइक असतो, म्हणजे गाडी चालवता चालवता बोलताही येतं.

बोलण्याचं तिने सगळ्यात शेवटी आणि भरभर सांगितलं.

२

फोनची कव्हरं विकणाऱ्याकडे ते मिळालं. अंगठ्यापेक्षा थोडं मोठं, काळं, समोर निळे आकडे. कव्हरवाला स्वतः गाडीत येऊन बसला आणि त्याने मला शिकवलं. रेडिओवर एखादं रिकामं स्टेशन शोधायचं, जिथे काहीच लागत नाही, नुसती खरखर येते. तोच आकडा यंत्रावर लावायचा. मग यंत्र त्या रिकाम्या जागी जाऊन बसतं आणि तुमची गाणी तिथून ऐकू येतात.

"पण जागा खरंच रिकामी बघा हं काका," तो म्हणाला. "नाहीतर दोन आवाज एकात एक येतात."

त्याने बटण फिरवत फिरवत एक जागा काढली. तिथे खरखरही नव्हती. पाण्याच्या मोठ्या टाकीत डोकं घातल्यावर येते तशी शांतता होती. कव्हरवाला खूश झाला, म्हणाला, असं साफ स्टेशन सहसा सापडत नाही.

यंत्रातली बाई "कनेक्टेड" असं म्हणाली आणि बिट्टीने पाठवलेलं पहिलं गाणं सुरू झालं. तिच्या आईला आवडायची ती गाणी होती. निदान बिट्टी तसं म्हणत होती. मला माहीत नव्हतं. मी सिग्नलला उभा राहून ऐकत होतो आणि मागचा माणूस हॉर्न मारून मारून दमला, इतकं बरं वाटलं.

एका गोष्टीची नोंद मी तेव्हाच घेतली, पण फार मनावर घेतली नाही. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत जी छोटी जागा असते, तिच्यात मला एक आवाज यायचा. कुणीतरी बोलण्याआधी तोंड उघडतं तेव्हा ओठ सुटल्याचा जो आवाज होतो, तो. आयुष्यभर तोंडांच्याच धंद्यात असल्यामुळे मी तो ओळखला असेन. मग पुढचं गाणं लागायचं आणि बोलायचं राहून जायचं. स्वस्तातला माल, करकरणारच, असं मी स्वतःला सांगितलं.

३

आठवडाभरातच बिट्टीने पहिल्यांदा विचारलं. मी पुलावर होतो, ती तिच्या ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत होती. जेवलात का, जेवलो, तू, हो, एवढं झालं. मग ती म्हणाली, "बाबा, गाडीत कोण आहे?"

"कोणी नाही. का गं?"

"काही नाही. कुणीतरी हसल्यासारखं वाटलं."

मी आरशात पाहिलं. मागे ट्रे होते आणि ट्रेमध्ये जबडे. मी तिला तसं सांगितलं आणि ती हसली. आपण मुलीला हसवलं, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की मूळ प्रश्न बाजूला राहिला.

नंतर विचार केला तेव्हा कव्हरवाल्याचं बोलणं आठवलं. दुसऱ्या एखाद्या गाडीत असंच यंत्र असेल आणि तेही त्याच स्टेशनवर लावलेलं असेल, तर त्यांचं हसणं माझ्याकडे येऊ शकतं. हे पटण्यासारखं होतं. पण मग ते मलाही ऐकू यायला हवं होतं आणि मी काहीच ऐकलं नव्हतं. यावर मी असं उत्तर काढलं की माझे कान आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.

४

दवाखान्यात जाताना मी फोन गाडीतच ठेवायचो, गिअरजवळच्या खळग्यात. दोन्ही हातांत ट्रे असतो आणि खिशात फोन थरथरला की माझेही हात थरथरतात. एकदा त्या नादात एका बाईंची नवीकोरी वरची कवळी जिन्यावरून घरंगळत खालच्या मजल्यापर्यंत गेली होती. तेव्हापासून हा नियम.

एके दिवशी एका डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात मला बराच वेळ बसावं लागलं. एक कॅप बसत नव्हती. त्यांनी मला आत बोलावून ती कुठे अडते ते दाखवलं, मी तिथेच ती थोडी घासून दिली आणि त्यांच्याच टेबलाशी बसून कॉफी प्यायलो. खाली येऊन गाडीत बसलो, तर सीट गरम होती.

गाडी इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये होती. तिथे ऊन येत नाही. बाजूची सीट हात लावून पाहिली, ती गार होती. माझीच गरम होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. कुलूप जसंच्या तसं होतं. रेडिओचा दिवा आणि यंत्राचे निळे आकडे चालू होते. माझ्या गाडीत किल्ली काढली तरी या दोन गोष्टी चालूच राहतात. जुन्या गाडीची खोड. बॅटरी संपते म्हणून मी एरवी ते यंत्र उपसून ठेवतो, त्या दिवशी विसरलो होतो.

संध्याकाळी बिट्टीने आपणहून फोन केला. असं ती कधी करत नसे. तिचा आवाज मोकळा होता, सर्दी उतरल्यावर होतो तसा.

"बाबा, मी दिवसभर तोच विचार करतेय," ती म्हणाली. "आई न्हाणीघरात नळ सोडून गायची, हे इतक्या वर्षांत तू मला सांगितलं का नाहीस?"

मी खुर्चीवर बसलो. मला आधी त्यातला 'तू' लागला, मग बाकीचं.

ती पुढे बोलत राहिली. कुणी ऐकू नये म्हणून आई नळ मोठा सोडायची, आणि बाबा, तू दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा राहायचास, हे ऐकून मला किती रडू आलं, वगैरे. मी नुसतं हं हं करत होतो. मी कधी दाराबाहेर उभा राहिलो नव्हतो. माझी बायको गाते हेच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. मी जरा आडवळणाने विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, रोज! आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं. आवाज काय गोड होता. आम्हाला वाटायचं, तुमच्याकडे किती आनंद आहे."

५

फोनमध्ये पाहिलं. मी डॉक्टर मॅडमकडे बसलो होतो, त्याच वेळी बिट्टीचा फोन आला होता आणि उचलला गेला होता. बोलणं पाऊण तास चाललं होतं.

उचलला कसा गेला, हे कव्हरवाल्याने समजावलं. या यंत्रात ती सोयच आहे, काही वेळ वाजलं की ते आपोआप फोन घेतं. म्हणजे चालवणाऱ्याचे हात अडकत नाहीत. तेव्हा त्यात काही गूढ नव्हतं. बिट्टीने फोन केला, यंत्राने उचलला आणि ती रिकाम्या गाडीशी बोलली. पण रिकाम्या गाडीशी पाऊण तास कुणी बोलत नाही. मी बसलेल्या गाडीशीही कधी कुणी इतकं बोललं नव्हतं.

मग मी उलट बाजूने विचार केला. माणसाला वयानुसार विसर पडतो. मीच बोललो असेन आणि विसरलो असेन. याची मला मनापासून आशा वाटत होती, हे आज सांगायला हरकत नाही. पुढच्या खेपेला मी डॉक्टर मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं की मी त्या दिवशी मध्येच खाली जाऊन आलो होतो का. त्या म्हणाल्या, "नाही हो नाना. तुम्ही इथेच तर होता. का, काय झालं?" मी म्हणालो, काही नाही, गाडीला कुणीतरी ओरखडा काढलाय.

मी त्याच वेळी ते यंत्र उपटून फेकायला हवं होतं. नाही फेकलं. उलट त्यानंतरच्या दिवसांत दवाखान्यात जाताना मी ते मुद्दाम काढत नव्हतो. परत आल्यावर सीट गरम असायची. आणि संध्याकाळी बिट्टी आपणहून फोन करायची, "तू म्हणालास ते मी करून बघितलं," असं काहीतरी म्हणायची, आणि मी ऐकत राहायचो. आमच्या घरात पुन्हा कुणीतरी बोलत होतं. मी पूर्वीसारखाच निम्मं समजत होतो, इतकंच.

एकदा मात्र मी धीर करून म्हणालो, "आज दुपारी आपण काय बोललो गं?"

ती हसली. "इतक्यात विसरलास?" मग तिचा आवाज खाली गेला. "नको बाबा. ते पुन्हा सांगायला लावू नकोस. एकदा सांगितलं तेच खूप झालं."

त्या रात्री मी जेवलो नाही. माझ्या मुलीने काहीतरी असं सांगितलं होतं की जे दुसऱ्यांदा सांगवत नव्हतं. आणि ते ज्याला सांगितलं तो मी नव्हतो.

सकाळी उठून मी यंत्र काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात कपड्यांच्या तळाशी ठेवलं.

६

फोन आता माझ्या खिशात असायचा. वाजला की ट्रे जिन्यावर ठेवून मी स्वतः उचलायचो.

"बिट्टी, कशी आहेस?"

"बरी आहे. तू जेवलास?"

"जेवलो. तू?"

यापुढे काय बोलायचं याची मी तयारी करून ठेवलेली असायची. गाडी चालवताना मोठ्याने म्हणून पाहायचो. तुला काही त्रास आहे का? जावयाचं आणि तुझं बरं चाललंय ना? गाडीत ती वाक्यं चांगली वाटायची. फोनवर माझ्या तोंडात आली की कवळी नीट न बसलेल्या माणसाच्या बोलण्यासारखी व्हायची. मी म्हणायचो, "बाकी काय, पाऊसपाणी?" ती म्हणायची, "ठीक."

हळूहळू ती 'तुम्ही'वर आली. तिलाही ते कळलं नसावं. सुरुवातीला एखाद्या वाक्यात यायचं, मग सगळ्याच. एक दिवस तिने विचारलं, "बाबा, माझ्यावर रागावलात का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग असे का झालात? परत पूर्वीसारखे?"

जिन्यावर ठेवलेल्या ट्रेमधले जबडे मी उगाच सरळ करत राहिलो.

"एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी केलं. तुम्ही म्हणालात तसंच केलं. तुम्हाला आनंद होईल असं वाटलं होतं."

"काय केलंस?" असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं तर तिला कळलं असतं की तिच्या बापाला काहीच माहीत नाही. मी म्हणालो, "चांगलं केलंस." आणि फोन ठेवला. काय चांगलं केलं होतं तिने? कुणाचं ऐकून?

ज्याला माहीत होतं त्याच्याकडून ते काढून घेण्याचा एकच मार्ग मला दिसत होता.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डॉक्टर मॅडमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. यंत्र खोचलं. फोन गिअरजवळच्या खळग्यात ठेवला. मग उतरलो, गाडीला वळसा घालून बाजूच्या सीटवर येऊन बसलो आणि दार लावून घेतलं. चालवणाऱ्याची जागा मोकळी ठेवली. हे सगळं करताना मला स्वतःचं हसू येत होतं. शेजारच्या गाडीत कुणी बसलं असतं तर त्याला वाटलं असतं, म्हाताऱ्याने ड्रायव्हर ठेवलाय आणि तो त्याची वाट बघतोय.

फोन वाजला. मी हात मांडीखाली दाबून धरले. वाजणं थांबलं आणि बिट्टीचा आवाज गाडीभर झाला.

"बाबा?"

मी गप्प राहिलो. गाडीत कुणी काही बोललं नाही. माझ्या कानांवर माझा आता विश्वास नाही, पण काहीच आवाज झाला नाही हे मी शपथेवर सांगेन. तरीही बिट्टीने मोठा श्वास सोडला आणि ती म्हणाली, "हुश्श. आज तू तू वाटतोयस."

मग ती थांबली, बोलणाऱ्याचं ऐकून घ्यावं तशी. त्या थांबण्यात माझ्या शेजारची सीट करकरली. जुनं रेक्झिन आहे, माणूस मागे टेकला की करकरतं. मी मान वळवली नाही. समोरच्या भिंतीवर गाड्यांचे नंबर रंगवलेले होते, ते वाचत बसलो.

"हो, रविवारी सकाळच्या गाडीने," बिट्टी म्हणत होती. "दोनच बॅगा. बाकीचं राहू दे म्हणालास ना? राहू दिलं. किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि निघाले. सध्या मैत्रिणीकडे आहे." थांबली. "नाही, मारलं नाही. पण तुला सांगितलं ना, तो दिवसचे दिवस बोलतच नाही. मी घरात आहे हे त्याला माहीतच नसल्यासारखं." पुन्हा थांबली, आणि रडू लागली. "एकटीच होते रे मी तिथे."

मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. आणि मला हेही कळत होतं की हे तिने मला सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो. मी म्हणालो असतो, थोडं सांभाळून घे, होईल सगळं ठीक. घरी ये, असं मी म्हणालो नसतो. जो म्हणाला होता, त्याने बरोबर सांगितलं होतं.

तिचं रडणं मला सहन होईना. मी म्हणालो, "बिट्टी."

ती रडता रडता थांबली. "बाबा, मध्ये कुणीतरी बोलतंय बघ," ती म्हणाली. "क्रॉस कनेक्शन झालंय वाटतं."

"बिट्टी, मी आहे. मी बोलतोय."

"येतंय का तुला ऐकू? कोण माणूस आहे हा?" तिने थोडा वेळ ऐकलं. मग सुस्कारा सोडून म्हणाली, "हां. गेला आता. बोल."

शेजारची सीट पुन्हा करकरली. या वेळी माझ्या बाजूला झुकल्यासारखी.

मी दार उघडून बाहेर पडलो. जिन्यापर्यंत गेलो आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तिथे उभा राहिलो.

८

रविवारी बस स्टँडवर जाताना यंत्र माझ्या खिशात होतं. काही झालं तरी ते लावायचं नाही असं मी ठरवलं होतं. मुलगी समोर असताना फोनचा संबंध येतोच कुठे? तिला जवळ घ्यायचं आणि म्हणायचं, बरं झालं तू आलीस. चारच शब्द होते. वाटेत ते म्हणून म्हणून माझ्या जिभेला पाठ झाले होते.

थंडी होती. बिट्टी बसमधून उतरली, तिने मला पाहिलं आणि धावतच आली. तिच्या आईसारखी धावते ती, खांदे वर घेऊन. मी हात पुढे केले आणि तिच्या हातांतल्या बॅगा घेतल्या. म्हणालो, "गर्दी होती का गाडीला?"

तिचा चेहरा मी पाहिला. काही फुटलं नाही, काही मोडलं नाही. नुसता विझला.

"नव्हती फार," ती म्हणाली. "तुम्ही कशाला इतक्या लवकर आलात?"

गाडीत बसलो. काचा बंद केल्या, तिला ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवलं. मी स्टिअरिंगवर हात ठेवले होते आणि चार शब्द तोंडात होते. ती खिडकीबाहेर बघत होती.

ती तिकडेच बघत म्हणाली, "फोनवर तुम्ही वेगळे होता." आणि मग, अगदी हलक्या आवाजात, "मी चूक तर नाही ना केली येऊन?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती घर सोडून आली होती, एका आवाजाच्या भरवशावर, आणि तो आवाज तिला उतरवून घ्यायला आलाच नव्हता. आलो होतो मी.

खिशातून यंत्र काढून मी ते लायटरच्या भोकात खोचलं. निळे आकडे लागले. रेडिओ लावला, ते स्टेशन लावलं. ती साफ शांतता गाडीत पसरली आणि यंत्रातली बाई तिचा शब्द म्हणाली. कुणाचा फोन आलेला नव्हता.

"कॉफी आणतो," मी म्हणालो आणि उतरलो. दार हळूच लावलं.

कॉफीच्या टपरीवाल्याने "किती?" असं विचारलं. मी तीन म्हणालो.

कप पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये घेऊन वळलो, तर बिट्टीने तोंड आत फिरवलं होतं, चालवणाऱ्याच्या जागेकडे. ती बोलत होती. मग ऐकत होती. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलू लागले, आणि हात काढले तेव्हा कळलं की ती हसत होती. आईच्या मागे असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. तिच्या बाजूची काच तिच्या श्वासाने धुरकट झाली होती. समोरची काच स्टिअरिंगच्या वरच्या बाजूलाही तशीच धुरकटत होती. ठिपका यायचा, विरायचा, पुन्हा यायचा.

तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी हात केला असता.

मग आतून कुणीतरी तळव्याने ती काच पुसली. दोनदा, गोल. मीही तशीच पुसतो. पुसलेल्या जागेतून क्षणभर स्वेटरची बाही दिसली, माझ्या अंगात होती त्याच राखाडी रंगाची, आणि मागे एक चेहरा टपरीकडे बघत होता. रस्त्यात मध्येच उभ्या असलेल्या परक्या माणसाकडे बघावं, तसा. मी नजर खाली केली.

स्टँडचा पहारेकरी शिट्टी वाजवत टपरीपाशी आला. "ती पांढरी गाडी कुणाची? ऐन दारात लावलीय." त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्यावर थांबला. "तुमची का हो काका?"

गाडीत बिट्टी पुन्हा हसली. तिने डोळे पुसले आणि डोकं सीटला टेकलं, घरी पोहोचल्यावर टेकतात तसं.

"नाही," मी म्हणालो.

पहारेकरी गाडीकडे गेला. चालवणाऱ्याच्या खिडकीवर त्याने बोटाने टकटक केलं, वाकला, काहीतरी बोलला, ऐकून घेतलं. मग हसून मागे सरला आणि हाताने वाट मोकळी करून दिली. बिट्टीने पट्टा ओढून लावला. गाडी हळूच पुढे निघाली, मी चालवतो तितकीच हळू.

स्टँडच्या दारातून आमच्या घराकडे जायचं तर डावीकडे वळावं लागतं. गाडीचा उजवीकडचा दिवा उघडझाप करत होता.